बहुमताने वगळलेलं पादोवा

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते. कुमुद अभ्यंकर, वय एकाहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार इंद्रपुरी, भोपाळ. कधी झाला? इटलीच्या सहलीच्या सहाव्या दिवशी, गुरुवारी, सकाळी पावणेआठ वाजता. कुठे झाला? फ्लॉरेन्समधल्या आमच्या हॉटेलात, नाश्त्याच्या टेबलावर, जॅमच्या चिमुकल्या बाटल्यांच्या साक्षीने. कुणी केला? अकरा सुशिक्षित, हसतमुख मराठी माणसांनी, हात वर करून. आणि त्या अकरा हातांत सगळ्यात आधी वर गेलेला हात खुद्द कुमुद अभ्यंकरांचा होता.

म्हणूनच लिहायला बसले. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानेच अनुमोदन दिलं, की सगळं कामकाज कसं स्वच्छ दिसतं.

कुमुद अभ्यंकर माझी मावशी. मीही भोपाळातच, शाहपुऱ्याला राहते आणि पत्रकं लिहिते. बसची पायरी खाली आणा, जवाहर चौकातला फुटपाथ मोकळा करा, असल्या मागण्यांची. पत्रक लिहिणाऱ्याला वर्णन करता येत नाही असं आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांचं मत आहे. तरी त्यांनी सांगितलं, "ईशा, इटलीवर काहीतरी छान दे. आपल्या लोकांनी पाहिलेली नाही. भांडण नको." छान ते सगळं देते. भांडणही त्यातच आलं, त्याला माझा इलाज नाही.

मावशी मूळची ग्वाल्हेरची. तिचे यजमान इथल्या कारखान्यात टेक्निशियन होते म्हणून इंद्रपुरीत आली आणि तिथल्याच शाळेत तिने कामगारांच्या पोरांना चित्रकला शिकवली. तिच्या वर्गात रंगांच्या एका कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. वर्षं उलटली, तारखा फाटल्या, पण त्यातलं एक चित्र तिने पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवलं. शहराच्या वेशीपाशी एक म्हातारा आणि एक म्हातारी एकमेकांना भेटतात. तिने त्याच्या मानेत हात घातलाय, आणि दोघांचे चेहरे इतके जवळ आलेत, की दोन अर्ध्या चेहऱ्यांचा एकच चेहरा झालाय. दर वर्षी नव्या वर्गाला मावशी विचारायची, "बोला, यातला डोळा कुणाचा आणि नाक कुणाचं?" पोरं तासभर भांडायची. मीही भांडले आहे.

ते चित्र पादोवा नावाच्या गावातल्या एका छोट्या प्रार्थनाघराच्या, चॅपेलच्या भिंतीवर आहे. सातशे वर्षांपूर्वीचं. सहलीच्या जाहिरातीत 'पादोवा' हा शब्द वाचला तेव्हा मावशीने मला फोन केला. एवढंच म्हणाली, "ईशू, तुझा पासपोर्ट आहे ना गं?"

रोम

आम्ही बाराजण, आणि आम्हाला नेणारे डॉ. गद्रे. पुण्याचे. युरोपीय कलेचा त्यांचा अभ्यास खरोखर मोठा. उगाच नाव ठेवायचं म्हणून ठेवणार नाही. रोममधल्या एका प्रचंड, प्राचीन घुमटाखाली उभं करून त्यांनी आम्हाला वरच्या गोल भोकाकडे बघायला लावलं. छपराला मधोमध भोक, त्यातून आभाळ. "पाऊस आला तर?" आमच्यातल्या बापटकाकांनी विचारलं. सर म्हणाले, "येतो की. खाली बघा." खाली फरशीला बारीक बारीक छिद्रं होती, पाणी जायला. फरशीला उतारही होता, कळेल न कळेल असा. जवळजवळ दोन हजार वर्षं तो पाऊस आत येतोय आणि निमूट निघून जातोय. मी त्या जागी गप्प उभी राहिले. माझ्या ओळखीच्या लोकांना यावरूनच कळेल की जागा काय असेल.

सरांची एक पद्धत होती. प्रत्येकाच्या गळ्यात एक छोटी डबी आणि कानात तिची तार. सर पुढे चालत हळू आवाजात बोलणार, आणि ते आपल्या कानात उमटणार. ऐकायला झकास. मात्र सर चालायचे भराभर. अंतर वाढलं, की कानात आधी खरखर सुरू व्हायची, मग शब्द तुटायचे, मग काहीच नाही. रोमचे रस्ते ठोकळ्यांच्या काळ्या दगडांचे. मावशीचे गुडघे जुने. त्यामुळे मावशीने रोम पाहिलं ते असं: "हा जो खांब दिसतो, त्याचा इतिहास अतिशय... खर्रर्र... बादशहाने... खर्रर्र... आणि म्हणूनच तो अद्वितीय आहे."

"काय अद्वितीय आहे गं?" मावशी मला विचारायची.

"खांब."

"अच्छा."

पण तक्रार? छे. रस्त्याकडेच्या नळांवर ती भयंकर खूश होती. लोखंडी ठेंगणे नळ, चोवीस तास वाहणारे. तोंडावर बोट दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं आणि वाकावं न लागता पाणी पिता येतं. "बघ, गुडघेवाल्यांसाठी केलंय," ती म्हणाली. आपल्याकडे उन्हाळ्यात प्याऊ, म्हणजे पाणपोई, लागते तिथे ओंजळ धरून वाकायला लागतं, हे तिने लगेच दाखवून दिलं. मी नळाचा फोटो काढून घेतला. पत्रकाच्या कामाचा आहे.

कॉफीचं मात्र उलटं. तिथे कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायची, दोन घोटांत, आणि चालू लागायचं. टेबलाशी बसलात की तीच कॉफी महाग. म्हणजे गुडघेदुखीवर कर! मी तिथल्या माणसाला हे इंग्रजीत ऐकवलं. तो गोड हसला आणि मावशीला काउंटरमागचं स्वतःचं स्टूल आणून दिलं. आता अशा माणसाशी भांडणार कसं?

मावशीच्या पिशवीत इंदोरी शेव होती. पास्त्यावर टोमॅटोचा रस्सा आला की ती वरून शेव भुरभुरायची. बापटकाकांच्या नलिनीकाकूंनी आधी नाक मुरडलं. "अहो कुमुदताई, हे काय? इथल्या माणसाला काय वाटेल?" तिसऱ्या दिवशी त्यांची प्लेट हळूच पुढे आली. "थोडी इकडे टाका बघू." चौथ्या दिवशी शेव संपली, कारण बारा प्लेटा पुढे आल्या.

फ्लॉरेन्स, मंगळवार आणि बुधवार

मंगळवारी मोठ्या चर्चच्या घुमटावर चढायचं होतं. लिफ्ट नाही. नुसत्या अरुंद, गोल गोल पायऱ्या. सर म्हणाले, "ज्यांना त्रास आहे त्यांनी खाली थांबलं तर चालेल." मावशी लगेच, "हो हो, तुम्ही या जाऊन. मी आरामात बसते." सगळे "काळजी घ्या हं ताई" म्हणून निघाले. ते 'चालेल' मावशीने स्वतःवर घेतलं आणि बाकीच्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. मी थांबले, तर मलाच बोलणी बसली. "जा ना! माझ्यापाशी काय पहारा देतेस?"

गेले नाही. आम्ही बाजूच्या एका जुन्या हवेलीपाशी गेलो. फ्लॉरेन्सच्या हवेल्यांना रस्त्याच्या बाजूने भिंतीलगत दगडी कट्टे बांधून काढलेले असतात. मालकाचं घर, पण कट्टा येणाऱ्या-जाणाऱ्याचा. मावशी बसली आणि खुलली. "अगं, ही तर आपली पटिया!" जुन्या भोपाळात दुकानांपुढच्या दगडी पाटांवर बसून लोक रात्र रात्र गप्पा ठोकतात, ती पटिया. तिथे एक म्हातारेबुवा भाजीची पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली, मावशीला जागा केली, आणि तिच्या गुडघ्याकडे बोट करून मग आपल्या गुडघ्यावर थाप मारली. मावशीने आपल्या दुसऱ्या गुडघ्यावर मारली. त्यांनीही दुसऱ्यावर मारली. पुढे अर्धा तास ते इटालियनमध्ये आणि ही हिंदीत बोलत होती. मावशीच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या सुनेचं आणि त्यांचं पटत नाही. हे तिला कसं कळलं मला विचारू नका.

मुद्दा असा, की मावशीला बसायला आवडतं. बसणं हा अपमान नाही. कुठे बसायचं हे दुसऱ्याने ठरवणं हा अपमान आहे.

बुधवारी एकादशी होती. नलिनीकाकूंचा उपास. खोलीत त्यांनी छोटा इलेक्ट्रिक कुकर लावला आणि भगर शिजवायला घेतली. हॉटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी असल्याची पाटी कुकरच्या बरोबर वर होती. जिऱ्याचा वास मजलाभर पसरला, मग 'फट्' झालं आणि मजल्याची वीज गेली. लिफ्टही बंद. आम्ही चौथ्या मजल्यावर.

मावशी जिना उतरायला लागली. एक हात कठड्याला, एक माझ्या खांद्याला. दुसऱ्या मजल्यावर ती दम खायला पायरीवर बसली, तर वरून नलिनीकाकू वाटी घेऊन आल्या. "शिजली हो तेवढ्यात! कुमुदताई, घ्या थोडी, गरम आहे." मावशीने पायरीवर बसून भगर खाल्ली आणि मनापासून वाखाणली. खाली पोचलो तोवर चित्रसंग्रहालयात शिरायची आमची वेळ निघून गेली होती. तिथे ठरलेल्या वेळी गेलं नाही तर दाराशी रांगेत उभं राहावं लागतं. सगळे उभे राहिले, बराच वेळ, उन्हात. आणि रांगेत हळूहळू एक वाक्य फिरायला लागलं. "बिचाऱ्या कुमुदताईंना पायऱ्यांचा किती त्रास होतो, नाही?"

कुकरचं नाव कुणी घेतलं नाही. उपासाच्या कुकरचं नाव कोण घेणार?

फ्लॉरेन्स, गुरुवार

बापटकाका निवृत्त अधिकारी. माणूस वाईट नाही. रोममध्ये माझी हरवलेली टोपी त्यांनीच शोधून आणली होती. त्यांनी चमच्याने कप वाजवला.

"मंडळी, एक सूचना आहे. काल आपला वेळ गेला. का गेला, त्यात आपण शिरायला नको..."

"शिरूया की," मी म्हणाले.

मावशीने टेबलाखालून मला पाय मारला.

"तर," काका म्हणाले, "उद्या आपण व्हेनिसला निघतो. वाटेत पादोवा. तिथे काय, एक चॅपेल. त्यासाठी बसमधून उतरा, चाला, काचेच्या खोलीत थांबा, आणि आत मिळणार फक्त पाव तास. त्यापेक्षा सरळ व्हेनिस गाठू. दुपारीच नावेत बसता येईल. शिवाय आपल्यात काहींना चालायला त्रास होतो. त्यांचाही विचार आपणच करायला हवा."

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तिला जे एकमेव चित्र बघायचं होतं ते तिच्याच गुडघ्यांच्या काळजीपोटी काढून टाकण्यात येत होतं.

गद्रे सर चहात लिंबू पिळत होते. म्हणाले, "माझा काही आग्रह नाही. ग्रुप म्हणेल तसं. हात वर करा."

मावशीचा हात वर. "हो हो, बिलकुल. माझ्यामुळे कुणाचा खोळंबा नको. मला काय, फोटो पाहिलेलाच आहे."

तिचा हात बघून बाकीचे वर गेले. माझा सोडून अकराच्या अकरा. सरांनी 'पारित' अशी मान हलवली आणि कुणीतरी लोणी मागितलं.

मी सह्यांच्या मोहिमांमध्ये वाढलेली मुलगी. हात मोजणं मला पवित्र वाटतं. त्या सकाळी पहिल्यांदा कळलं, की मोजणी बरोबर असूनही निकाल खोटा असू शकतो. आपल्यात पाहुण्याला वाढायला गेलं की तो म्हणतो, "नको, पुरे." आपण वाढतोच. दुसऱ्यांदा म्हणतो, "अहो खरंच नको." तरी वाढतो. तिसऱ्यांदा त्याने ताटावर हात आडवा धरला तर थांबतो. हा रिवाज आपल्याला पंगतीत पाठ आहे. तोच पाहुणा सहलीत 'नको' म्हणाला की आपण पहिल्याच शब्दाला ताट उचलतो आणि वर त्याला लोकशाही म्हणतो.

हेच मी सरांना हॉटेलच्या अंगणात गाठून ऐकवलं. आवाज थोडा मोठा होता, मान्य आहे.

"ईशा, ताईंनी स्वतः हात वर केला," सर म्हणाले. "मी काय त्यांचा हात धरून खाली ओढू?"

"सर, तुमच्या घरी पाहुण्याने एकदा नको म्हटलं की तुमच्या आई पातेलं आत नेतात?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

सरांनी चष्मा काढला. तो पुसत म्हणाले, "आईने कधी नेलं नाही." आणि पुढे, जरा चिडूनच, "हे बघ, मलाही पादोवा हवंच होतं. या सगळ्या प्रवासात मला स्वतःला बघायची असलेली तेवढीच एक जागा आहे. पण मी गाईड झालो की माझं 'हवंय' मी बाजूला ठेवतो. चॅपेलचं आरक्षण तसंच आहे, मी रद्द केलेलं नाही. पण ठराव झाला तो झाला. मी मोडणार नाही. ज्यांनी केला त्यांनीच मोडायचा."

म्हणजे त्या टेबलावर किमान दोन माणसं स्वतःला हवं होतं त्याच्याच विरोधात बसली होती. वा रे सभ्यता!

आता गाठ मावशीशी होती, आणि ती सरांपेक्षा कठीण. संध्याकाळी खोलीत ती पायाला तेल चोळत होती.

"मावशी, तुला ते चित्र बघायचंय की नाही?"

"अगं, सगळ्यांना व्हेनिसची घाई आहे..."

"सगळ्यांचं नाही विचारत."

"फालतू झंझट नको ईशू. लोक म्हणतील, म्हातारी आली आणि सहलीचा विचका केला."

"लोकांचंही नाही विचारत. तुला?"

"तुझी ही पत्रकबाजी माझ्यावर नको हं करूस."

"तुला बघायचंय की नाही?"

तिने तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं. घट्ट लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघायचंय. दुसरं काही नाही दिसलं तरी चालेल, पण ते बघायचंय. वर्गात शेवटच्या दिवशी पोरांनी विचारलं होतं, मॅडम, हे खरं कुठे आहे? मी म्हटलं, आहे लांब. नोकरीभर 'आहे लांब' सांगितलं. आता वाटेवर आहे आणि मी बसमधून बघत जाऊ?"

"मग हे उद्या बसमध्ये बोल."

"तू बोल. तुला सवय आहे."

"नाही," मी म्हणाले. हे म्हणणं मला फार जड गेलं, कारण माझं भाषण मनात तयार होतं. "हात तुझा होता."

पादोवा, शुक्रवार

फ्लॉरेन्स सोडलं की डोंगर लागतात, बोगद्यांमागून बोगदे. डोंगर संपले की जमीन अशी सपाट होते, की कुणी पोळीसारखी लाटलीय. दोन्ही बाजूंना शेतं, उंच सडसडीत झाडांच्या रांगा, मधेच कौलारू घर. बसमध्ये भेंड्या चालू होत्या. 'पादोवा' लिहिलेली पहिली पाटी रस्त्यावर दिसली. मावशी खिडकीकडे बघत राहिली. दुसरी पाटी आली. मी ओठ दाताखाली धरून बसले.

तिसऱ्या पाटीला मावशी उठली. चालत्या बसमध्ये, सीट धरत धरत, ती पुढे सरांपर्यंत गेली आणि त्यांच्या हातातला माईक तिने मागून घेतला.

"मी कुमुद अभ्यंकर," ती म्हणाली. वर्गात हजेरी घेतल्यासारखी. "काल मी हात वर केला होता. तो मी खाली घेते आहे. मला पादोवाला उतरायचंय."

भेंड्या थांबल्या.

बापटकाका म्हणाले, "अहो ताई, पण ठरलं होतं ना. म्हणजे आता परत मतदान घ्यायचं का?"

"घ्या की. पण माझ्या गुडघ्यांवर नका घेऊ, बापटसाहेब. गुडघे माझे आहेत, त्यांचं मी बघते. आणि बुधवारी उशीर झाला तो..." इथे ती थांबली. नलिनीकाकूंकडे तिने पाहिलं नाही, हा तिचा मोठेपणा. माझ्यात तो नाही. मी तोंड उघडलं, पण माझ्याआधी मागच्या सीटवरून आवाज आला.

"कुकरमुळे झाला," नलिनीकाकू म्हणाल्या. "माझ्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. यांनी गप्प राहा म्हटलं."

"नलू!" काका म्हणाले.

"नलू काय? दोन दिवस त्या बाईच्या पायांना बोल लावतो आहोत आपण, आणि भगर तुम्ही पण खाल्लीत, उपास नसताना!"

बस हसली. हसल्यामुळे काम सोपं झालं, हे मला नंतर कळलं. मला हसवता येत नाही, माझ्या पत्रकांचं तेवढंच चुकतं. सरांनी सांगितलं, "ज्यांना हवं ते उतरा. बाकीचे बसमध्ये थांबा. मी उतरतोय." मागे एकेक हात वर गेला, मोजायची कुणाला गरज वाटली नाही. बापटकाका आणि आणखी दोघं बसमध्येच राहिले.

बस जिथे सोडते तिथून चॅपेलपर्यंत चालावं लागतं, एका बागेतून. सरांनी सगळ्यांकडून कानातल्या तारा परत घेऊन पिशवीत टाकल्या आणि मावशीच्या शेजारून चालायला लागले. तिच्या वेगाने. सर हळू चालतात तेव्हा खूप जास्त बोलतात, आणि शब्द तुटत नाहीत.

आधी काचेच्या खोलीत बसवतात. बाहेरची धूळ आणि दमट हवा भिंतींना लागू नये म्हणून आतली हवा स्थिर होऊ देतात. मग दार आपोआप सरकतं.

निळं. पहिलं दिसतं ते निळं. वर पूर्ण छत निळं, त्यावर सोनेरी चांदण्या, आणि चारी बाजूंना माणसंच माणसं. रडणारी, चुगल्या करणारी, झोपलेली, उंटावरून आलेली. देवाधर्माच्या गोष्टी आहेत, पण चेहरे सगळे शेजारपाजारचे.

मावशीचं चित्र खिडक्यांच्या भिंतीवर, सगळ्यात वरच्या ओळीत, टोकाला. सर सुरू झाले, "आता इथे लक्षात घ्या, रचनेच्या दृष्टीने..."

"सर, जरा थांबा," मावशी म्हणाली. "बघू द्या."

सर थांबले. विद्वान माणूस अर्ध्या वाक्यात थांबला, आणि तिच्याबरोबर वर बघत उभा राहिला. मला त्या दिवशी ते आवडले.

दोघं म्हातारे वेशीत उभे. तिचा हात त्याच्या मानेवर. दोन चेहऱ्यांचा एक चेहरा. कॅलेंडरात होतं तसंच, आणि मुळीच तसं नाही, कारण कॅलेंडरात तेवढंच होतं. इथे वेशीच्या कमानीखाली बायकांचा घोळका आहे. हसताहेत, बघताहेत. आणि त्यांच्या मधोमध काळं पांघरूण डोक्यावरून घेतलेली एक बाई आहे, तोंड अर्धं झाकलेली. बाकीच्या आनंदात, ही नाही.

"हिला कापली होती," मावशी म्हणाली.

"कुणी?"

"कॅलेंडरवाल्यांनी. चौकटीत मावली नसेल. बघ ना ईशू, इतकी पोरं माझ्या हाताखालून गेली, आणि मी सगळ्यांना सांगितलं की चित्रात दोघंच आहेत." ती चिडली होती. माझी मावशी, जी कुणावर चिडत नाही, ती सातशे वर्षांपूर्वीच्या एका बाईच्या वतीने एका रंगकंपनीवर चिडली होती. "कोण असेल ही? काय झालं असेल हिला?"

सर हळूच म्हणाले, "अभ्यासकांचं एकमत नाही, ताई. कुणी म्हणतं विधवा. नक्की कुणालाच माहीत नाही."

"मग सांगून टाकू नका," मावशी म्हणाली.

पाव तास संपला. दार सरकलं. ती पाव तास उभी होती, कशाचाही आधार न घेता. बाहेर आल्यावर मात्र बागेतल्या पहिल्या बाकावर धपकन बसली आणि पाय लांब केले. मी विचारलं, "दुखतायत?" तर म्हणाली, "खूप. चल, चहा कुठे मिळतो बघ."

व्हेनिसला पोचायला संध्याकाळ झाली. सगळ्यांना नावेत बसायला मिळालं, बापटकाकांनाही, आणि उतरत्या उन्हात पाणी तांब्यासारखं दिसत होतं. कुणाचं काही बुडालं नाही. काका दोन दिवस आमच्याशी मोजकं बोलले, आणि विमानतळावर मावशीची बॅग न विचारता उचलून चालू लागले. सगळं गोड झालं असं मी लिहिणार नाही. फ्लॉरेन्सच्या घुमटाखाली तिला लिफ्ट नव्हती हे कुणाच्या हातात नव्हतं. पण रोममध्ये तिच्या कानात तीन दिवस जी खरखर होती ती आमच्यापैकी कुणीही सरांना दहा पावलं हळू चालायला सांगून बंद करू शकलं असतं. ते रोम तिला आता परत मिळत नाही.

हा अंक भोपाळात, इंदूरला, ग्वाल्हेरला घरोघरी जाईल. दिवाळीनंतर सहलींची नावनोंदणी सुरू होईल. केरळ, काशी, युरोप, जिथे जाल तिथे जा. माझी मागणी तुमच्याकडे आहे, टूरवाल्यांकडे नाही. तुमच्या घरात एक माणूस आहे जो म्हणतो, "तुम्ही या जाऊन, मी बसते." तो कोण हे तुम्हाला ही ओळ वाचतानाच कळलंय. मार्ग ठरवायच्या आधी, हात मोजायच्या आधी, त्याला विचारा की तुला काय बघायचंय. तो म्हणेल, "मला काही नको." ते उत्तर घेऊ नका. दुसरंही घेऊ नका. समोर बसा, आणि तो जागेचं नाव सांगेपर्यंत उठू नका. मग ते नाव कागदावर सगळ्यात वर लिहा, आणि बाकीची सहल त्याच्या खाली आखा. आज संध्याकाळी करा.